टोंगळ्यातली सुई

घाटाखाली गुडघ्याला टोंगळा म्हणतात. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग इथला प्रत्येक माणूस मनातल्या मनात करत असतो: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. माझी आत्या घाटाखालची, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी. "टोंगये गेले बाप्पा माहे," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा पन्नाशीलाही पोचली नव्हती.

जातील नाही तर काय! आषाढ-श्रावणात पऱ्हाटीचं निंदण. उकिडवं बसायचं, खुरपं चालवायचं आणि न उठता तसंच तासाच्या टोकापर्यंत सरकत जायचं. मग सोयाबीनची सोंगणी. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तशी कंबर पुढे ओढली जाते. संध्याकाळी कापूस काट्यावर चढतो आणि किलोवर मजुरी मिळते, म्हणून मध्ये घटकाभर टेकायला कोणी तयार नसतं. उकिडवं बसलं की गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब पडतो, आणि हे वर्षानुवर्षं चालतं.

हे दुखणं किती घरांत असतं याचा एक चांगला हिशेब महाराष्ट्रातच झालेला आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८ टक्के लोकांना, सांध्यांचं किंवा भोवतालच्या मऊ भागाचं दुखणं निघालं. त्यात झिजेचे सांधे होते, कंडरांची दुखणी होती, कंबर होती. ज्याच्या नावाने सगळे घाबरतात तो आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता.

या दुखण्यावर आमच्याकडे पहिला उपाय सुई. गोळीवर कोणाचा भरवसा नसतो. "सुई देली का?" हा दवाखान्यातून आलेल्याला विचारायचा पहिला प्रश्न. आत्यालाही गावाजवळच्या एका दवाखान्यात आठवड्याला एक सुई मिळत होती, कुल्ल्यात. दोन दिवस बरं वाटायचं, ती वावरात जायची, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोबत पुडीत बांधलेल्या बिनपाकिटाच्या गोळ्या. त्या गोळ्यांचं नाव तिला कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलंही नाही.

कुल्ल्यातली ही सुई बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकची असते, आणि या औषधाचा एक इतिहास शेतकऱ्याच्या घरात तरी माहीत असायला हवा. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने संपत गेली. का, ते कळेना. २००४ मध्ये उलगडा झाला: दुखऱ्या जनावरांना डायक्लोफेनॅक टोचलं जात होतं, जनावर मेलं की गिधाडं ते खात होती आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झालं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शनही एका वेळच्या ३ मिलिलिटरच्या बाटलीतच विकायचं असं ठरलं.

माणसाचं मूत्रपिंड गिधाडासारखं एका मात्रेत कोसळत नाही. पण धोका त्यालाही आहे. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं आणि आपल्याकडे रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही वेदनाशामकं याच प्रोस्टाग्लँडिनला अडवतात. सूज उतरते, ठणका थांबतो आणि त्याच वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळला जातो. दिवसभर उन्हात घाम गाळलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या बाईला ही सुई दिली तर ती नेमकी अडचणीच्या वेळी दिलेली असते.

आणि आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. विहिरीचं, बोअरचं पाणी खारं. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या कित्येक गावांत मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत आणि लोक त्याचा संबंध या पाण्याशी लावतात. कारण पाणी असो की आणखी काही, ज्या गावात डायलिसिसला जाणारी माणसं गल्लीगल्लीत दिसतात तिथे दर आठवड्याला वेदनाशामकाची सुई देणं मला पटत नाही. आत्याची रक्ततपासणी झाली तेव्हा क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. तिच्या सुया आणि पुड्या त्या दिवशी बंद झाल्या. टोंगळे मात्र दुखतच होते.

इथून दुसऱ्या प्रकारच्या सुईचा विचार सुरू झाला: सगळ्या अंगाला औषध न देता दुखऱ्या जागीच द्यायचं.

या सुयांमध्ये जुनी आणि आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी सुई स्टेरॉइडची. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती उठून चालू लागली. १९५० चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांना मिळालं. पुढच्याच वर्षी जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. ती पद्धत तेव्हापासून चालत आली आहे.

आत्याला ती दिली तेव्हा मी खोलीत होतो. डॉक्टरांनी तिचा पाय सरळ ठेवला, उशीची गुंडाळी टोंगळ्याखाली सरकवली, तपकिरी औषधाने कातडी तीनदा पुसली आणि ती आपोआप सुकेपर्यंत थांबले. मग अंगठ्याने वाटी बाजूला सरकवून तिच्याखालची फट चाचपली आणि सुई आत नेली. आधी त्यांनी औषध सोडलं नाही, आतलं पाणी ओढून घेतलं. नळीत गवताच्या काडीच्या रंगाचा स्वच्छ द्रव आला. त्याचा एक थेंब हातमोज्याच्या दोन बोटांत धरून त्यांनी बोटं दूर नेली, तर थोडी तार येऊन ती तुटली. निरोगी सांध्याचं वंगण अंड्याच्या पांढऱ्यासारखं असतं, त्याची तार लांब येते. द्रव गढूळ निघाला असता तर आत जंतू असू शकतात अशी शंका येते आणि मग स्टेरॉइड द्यायचंच नसतं. हे सगळं दोन मिनिटांत झालं. पण त्या दोन मिनिटांत जे पाहिलं गेलं ते आत्याच्या टोंगळ्याकडे इतक्या वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

स्टेरॉइडने सूज शमते आणि काही आठवडे, कधी दोन-तीन महिने आराम मिळतो. झीज भरून येत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत १४० रुग्णांवर झालेला प्रयोग सांगतो की दर बारा आठवड्यांनी दोन वर्षं ही सुई देत राहिलं तर दुखणं नुसत्या खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे सलाईनच्या, सुईपेक्षा जास्त कमी होत नाही आणि कूर्चा मात्र जास्त झिजते. कोपराच्या कंडरेच्या दुखण्यात तर ती उलटते: सहा आठवड्यांनी सुई घेतलेले खूश असतात आणि वर्षाने न घेतलेले त्यांच्यापेक्षा बरे असतात. मधुमेह असेल तर सुईनंतर काही दिवस साखर वर जाते. टाचेमागच्या जाड कंडरेत ही सुई दिली तर ती तुटण्याची भीती असते. म्हणजे सुजलेल्या सांध्यात, अधूनमधून, मोजून दिलेली सुई चांगली. दर महिन्याला दवाखान्यात जाऊन घ्यायची ही गोष्ट नाही.

"वंगण संपलं" असं सांगून देतात ती सुई हायलुरॉनिक अॅसिडची. हे द्रव्य आपल्या सांध्यात असतंच. औषधासाठी ते बरीच वर्षं कोंबड्याच्या तुऱ्यातून काढलं जाई, आता जिवाणूंकडूनही बनवून घेतात. महाग सुई आहे, आणि गुडघ्याच्या झिजेत तिचा फायदा इतका थोडा दिसतो की अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शनात ती सहसा देऊ नये असंच म्हटलं.

मला जिच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे ती सुई साखरेच्या पाण्याची.

प्रोलोथेरपी हे तिचं नाव. औषध म्हणून काय, तर डेक्स्ट्रोज. सलाईनच्या बाटलीतून आपल्याकडे जी साखर चढवतात तीच, फक्त दाट: १२.५ टक्क्यांपासून २५ टक्क्यांपर्यंत. साखर उतरून चक्कर आलेल्या मधुमेह्याला देण्यासाठी २५ टक्क्यांची बाटली सरकारी दवाखान्यातही असते. हे पाणी भूल देणाऱ्या औषधात मिसळून अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे आणि सांध्याच्या पोकळीत टोचतात.

अस्थिबंध म्हणजे लिगामेंट, हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. (सुश्रुताच्या संस्कृतात याच पट्ट्यांना स्नायू म्हटलं आहे. मराठीत स्नायू शब्द मांसपेशीला लागला आणि अस्थिबंधाला रोजच्या बोलण्यात नावच उरलं नाही. ज्या गोष्टीला नाव नाही तिचं दुखणं सांगणंही अवघड. म्हणून लोक "लचक भरली", "मुरगळलं", "उसण भरली" म्हणतात.) हा पट्टा पांढुरका असतो, कारण त्यात रक्तवाहिन्या फार कमी. हाड मोडलं तर दीड-दोन महिन्यांत जुळून येतं, पण ताणलेला अस्थिबंध कित्येक महिने रेंगाळतो आणि पुष्कळदा अर्धवट भरून तसाच ढिला राहतो. सांधा डुगडुगतो, भोवतालच्या मांसपेशी त्याला सावरायला सतत आवळलेल्या राहतात आणि दुखणं जुनं होतं.

अर्धवट राहिलेली ही डागडुजी पुन्हा सुरू करून द्यायची, असा या सुईमागचा विचार. जखम झाली की शरीर आधी त्या जागी सूज आणतं, मग काही आठवडे नवे तंतू घालतं आणि पुढे कित्येक महिने ते पिळून घट्ट करत राहतं. थांबलेलं काम सुरू करायचं तर पहिली पायरी, म्हणजे सूज, पुन्हा आणावी लागेल. दाट साखर ते कसं करते हे कळायला कैरीचा मोरांबा आठवावा. फोडींना साखर चोळून ठेवली की त्यांना पाणी सुटतं. तसंच दाट डेक्स्ट्रोज आजूबाजूच्या पेशींतलं पाणी ओढतं, पेशी दुखावतात, हाक देतात आणि दुरुस्तीची द्रव्यं त्या जागी येतात, असं मानलं जातं. म्हणून या सुईनंतर दोन-तीन दिवस दुखणं वाढतं, आणि म्हणूनच त्या काळात सूज मारणारी वेदनाशामकं घेऊ देत नाहीत. फार झालं तर पॅरासिटामॉल. सुया तीन ते पाच, चार-चार आठवड्यांच्या अंतराने.

हे ऐकल्यावर वऱ्हाडातल्या माणसाला बिब्बा आठवला नाही तरच नवल. आत्याच्या सासूच्या पोटरीवर आणि टोंगळ्याच्या बाजूला बिब्ब्याच्या चटक्यांचे काळे ठिपके मी लहानपणी मोजले आहेत. तापवलेल्या बिब्ब्याचं तेल सुईच्या टोकाने दुखऱ्या जागी लावायचं, फोड यायचा, आणि तो बसता बसता दुखणंही बसतं अशी समजूत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचा एक अख्खा अध्याय आहे आणि त्यात त्वचा, मांस, शिरा, स्नायू, सांधे आणि हाडं यांतल्या तीव्र वेदनेवर डाग द्यायला सांगितलं आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या परंपरेतले वैद्य सतत निखळणाऱ्या खांद्याला तापलेल्या लोखंडाने डाग देत, आतला भाग आकसून घट्ट व्हावा म्हणून. थोडं दुखवून बरं करायचं ही कल्पना तेव्हा फार जुनी आणि जगभरची आहे. पण बिब्बा कातडी जाळतो, अस्थिबंध त्याच्या कितीतरी खाली असतो. नव्या पद्धतीने कातडी सोडून नेमक्या त्या खोल जागी जायला शिकवलं.

तिला आजचं रूप दिलं अमेरिकेतल्या ओहायो राज्यातले शल्यविशारद जॉर्ज हॅकेट यांनी. त्याआधी हर्निया आवळण्यासाठी अशी जळजळ करणारी द्रव्यं टोचत असत. हॅकेट यांनी ती कंबर आणि सांध्यांच्या अस्थिबंधांसाठी वापरली आणि १९५६ च्या आपल्या पुस्तकात या उपचाराचं नाव प्रोलोथेरपी ठेवलं. ऊती वाढवणारा उपचार, असा अर्थ. त्या काळची द्रव्यं आजच्यापेक्षा जहाल होती. पाठीच्या कण्याजवळ अशी सुई दिल्याने झालेल्या एका मृत्यूची नोंद १९५९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली आणि पद्धतीची बदनामी झाली ती बरीच वर्षं टिकली.

गुण येतो का? याचं उत्तर सांध्यागणिक वेगळं आहे. २०१३ मध्ये डेव्हिड राबागो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेच्या ९० रुग्णांचे तीन गट केले. एकाला डेक्स्ट्रोजच्या सुया, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या साध्या खाऱ्या पाण्याच्या सुया, तिसऱ्याला घरी करायचा व्यायाम. वर्षाने शंभर गुणांच्या मापावर डेक्स्ट्रोजचा गट १५ गुणांनी सुधारला होता, इतर दोन्ही गट सुमारे ८ गुणांनी. फरक खरा दिसतो. पण प्रयोग लहान आहे. कंबरदुखीत मात्र ऑस्ट्रेलियातल्या ११० रुग्णांच्या २००४ च्या प्रयोगात साखरेची सुई आणि खाऱ्या पाण्याची सुई यांत फरकच निघाला नाही. गंमत म्हणजे दोन्ही गट पुष्कळ सुधारले. २०१९ च्या त्याच अमेरिकी मार्गदर्शनात गुडघ्यासाठीही प्रोलोथेरपी सहसा सुचवू नये असं आहे, पुरावा अपुरा म्हणून.

खाऱ्या पाण्याने माणसं का सुधारतात, यावर मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण आमच्याकडच्या सुईवरच्या श्रद्धेचं कोडं तिथेच सुटतं. सांध्याचं दुखणं चढतं-उतरतं असतं, आणि माणूस दवाखान्यात जातो तो अगदी असह्य झाल्यावर. तिथून ते आपोआपही थोडं उतरतंच. त्यात कोणीतरी दुखऱ्या जागी हात ठेवला, नेमकं बोट लावलं, "इथेच ना?" असं विचारलं, त्याचा मेंदूवर खरोखर परिणाम होतो. सुईचा परिणाम गोळीपेक्षा जास्त होतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे आत्या आणि तिच्या शेजारणी सुईने बरं वाटतं म्हणतात ते खोटं नाही. पण त्यामुळेच कोणतीही नवी सुई "शेकडो लोकांना गुण आला" एवढ्यावर खरी मानता येत नाही. तिला खाऱ्या पाण्याला हरवून दाखवावं लागतं.

पीआरपीचं तिथेच अडलं आहे. रुग्णाचंच रक्त काढून ते यंत्रात फिरवतात आणि प्लेटलेट्सनी दाट झालेला पिवळा भाग सांध्यात देतात. कल्पना सुंदर आहे, आपलंच रक्त असल्याने भीतीही कमी. पण २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात वर्षाने ती खाऱ्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाही, ना दुखण्यात ना कूर्चेत. स्टेम सेलच्या सुयांबद्दल तर एवढंच म्हणेन की मंजूर संशोधनाबाहेर पैसे घेऊन त्या कोणी देत असेल, तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते बसत नाही. आणि संधिवात बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्याने बंदी आहे. रस्त्याकडेच्या भिंतींवर ते रंगवणाऱ्यांना तो कोणी वाचून दाखवत नाही.

माझं स्वतःचं मत असं झालं आहे. गुडघ्याची झीज सुरुवातीची किंवा मधली असेल, मूत्रपिंडामुळे वेदनाशामकं बंद असतील, व्यायाम करूनही दुखणं अडून बसलं असेल आणि सांध्याची रचना जाणणारा, शक्यतो सोनोग्राफीवर पाहून सुई देणारा डॉक्टर असेल, तर साखरेच्या पाण्याच्या तीन सुया करून बघण्यात गैर काही नाही. डेक्स्ट्रोज हे दवाखान्यातल्या सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक आहे, तेव्हा बिल मोठं असेल तर ते कशाचं, हे विचारावं. कंबरेसाठी मी घेणार नाही. पहाटे बोटं आखडतात, दोन्ही मनगटं सुजतात असं असेल तर तो आमवात असू शकतो. त्याला रोगाच्या मुळावर चालणारी मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात, आणि सुयांत घालवलेले महिने सांध्याला महाग पडतात. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर सुई नाही, तडक मोठा दवाखाना. बुलढाण्यात २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पूर्वीसारखं दर वेळी अकोल्याला धावायला नको.

आत्याने साखरेची सुई घेतली नाही. स्टेरॉइडच्या त्या एका सुईने तिला अडीच महिने मिळाले आणि फिजिओथेरपिस्ट मुलीने ते वाया जाऊ दिले नाहीत. खाटेवर पाय सरळ करून बसायचं, टॉवेलची गुंडाळी टोंगळ्याखाली ठेवून ती खाली दाबायची आणि मांडी ताठ धरून दहा मोजायचे. पुढे पावलाला किलोभर तुरीची पिशवी बांधून पाय उचलायचा. मांडीपुढची मांसपेशी घट्ट झाली की ढिल्या अस्थिबंधांचा भार ती उचलते. सगळी मार्गदर्शनं ज्यावर एकमताने भर देतात तो उपाय हाच आहे. निंदणाला आत्या आता चार बोटं उंचीचा पाट घेऊन जाते. बाया हसल्या, मग दोघींनी आपापल्या घरून पाट आणले.

शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीबरोबर चालायचं तिचं मनात होतं. एका बाजूचे सुमारे ७०० किलोमीटर. "सुई मारून देऊ का, जाशील," असं कोणीतरी सुचवलंही. तिच्या डॉक्टरांनी मान हलवली: दुखणं कळत नसलेल्या सांध्यावर इतकं चालायचं नाही. पालखी परत येते तेव्हा शेवटचा मुक्काम खामगावला असतो, आणि तिथून शेगावपर्यंत सगळा मुलूख पालखीमागे चालतो. तेवढं आत्या या वर्षी चालली, काठी घेऊन. वाटेत एका फाट्यावर चहा वाटत होते. ती लिंबाच्या सावलीत टेकली, लुगडं सावरून पाय लांब केला, टोंगळ्याखाली गमछ्याची गुंडाळी सारली आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली.